अप्पांच्या कपाटातला दाखला

लग्नाला काय काय लागतं, असं कुणालाही विचारा. हॉल, केटरर, शालू, मेंदीवाली आणि हल्ली एक ड्रोनवाला. मला आणि वसईकरला यातलं काहीच नको होतं. आमची यादी एकदम सुटसुटीत होती. फोटो, सह्या, तीन साक्षीदार. अर्ध्या तासात लग्न, पुढच्या अर्ध्या तासात सगळ्यांना मसाला डोसा आणि सोमवारी तो परत ऑफिसला. सही ना?

तर असं काही झालं नाही. डोसा तेवढा झाला.

वसईकर म्हणजे माझा नवरा. त्याचं आडनाव हे नाही, पण वसईचा म्हणून मी त्याला पहिल्यापासून तेच म्हणते. वसईच्या कुपारी ख्रिस्ती समाजातला, घरी कादोडी बोलणारा, हिंजवडीत नोकरी करणारा आणि सोमवारी सकाळी कुणाशीच न बोलणारा. मी सांगलीची. पुण्यात मास कॉम केलं आणि आता फ्रीलान्स पत्रकारिता करते, म्हणजे काम भरपूर आणि सॅलरी स्लिप एकही नाही. धर्म कुणीच बदलायचा नाही, हे आमचं पहिल्या दोन महिन्यांतच ठरलं होतं. चर्च नको, सप्तपदीही नको. एकाच्या घरचं केलं की दुसऱ्याच्या घरचं राहिलं, हा हिशेबच नको. मग उरला विशेष विवाह कायदा, १९५४.

नाव काय भारी आहे बघा! 'विशेष' विवाह. मला वाटलं, आपल्यासाठी रेड कार्पेट असणार. पण त्याचा इतिहास वाचला आणि जरा गप्प झाले. याच्या आधीचा कायदा १८७२ चा. त्यात नोंदणी लग्न करायचं तर दोघांनीही 'आम्ही हिंदू नाही, ख्रिस्ती नाही, मुसलमान नाही' असं जाहीर करावं लागायचं. १९२३ साली त्यात हिंदू, बौद्ध, शीख आणि जैन यांना आपापसात लग्न करायला सूट मिळाली, पण सांगलीची हिंदू आणि वसईचा ख्रिस्ती त्यातही बसत नव्हते. १९५४ च्या कायद्याने पहिल्यांदा सांगितलं की, दोघांनी आपापला धर्म जिथल्या तिथे ठेवून लग्न करावं. म्हणजे आम्ही ७०-७५ वर्षं उशिरा जन्मलो, हे बरंच झालं.

एका बुधवारी आम्ही ऑनलाइन भरलेल्या फॉर्मची प्रिंट घेऊन विवाह अधिकाऱ्यांच्या ऑफिसात गेलो. खिडकीवर एक मॅडम होत्या. शेजारी स्टीलचा डबा, समोर फायलींचा डोंगर. त्यांनी फॉर्मवरून नजर फिरवली.

"व्यवसाय फ्रीलान्स? म्हणजे काय करता?"

"पत्रकार आहे."

"मग पत्रकार लिहा की."

माझ्या आईला सहा वर्षांत न सुटलेला प्रश्न त्यांनी दोन सेकंदांत सोडवला.

मास कॉमला आम्हाला पहिल्याच आठवड्यात बातमीचे सहा 'क' शिकवले होते. कोण, काय, कधी, कुठे, कसं आणि का. त्या फॉर्ममध्ये बाकी सगळं होतं. नाव, वय, पत्ता, सध्या कुठे राहता, किती दिवस राहता, अविवाहित की घटस्फोटित. 'का' मात्र कुठेच नव्हतं. तुम्ही याच्याशीच का लग्न करताय, हे सरकार विचारत नाही. मला सरकारबद्दल इतकं प्रेम कधीच वाटलं नव्हतं. कारण घरी गेल्या पाच महिन्यांपासून तेवढाच एक प्रश्न उरला होता.

मॅडमनी पेन्सिलने दोन टिका केल्या. "एक म्हणजे, वयाचा पुरावा ओरिजिनल लागेल. जन्माचा दाखला, नाहीतर शाळा सोडल्याचा. ही झेरॉक्स आहे. आणि झेरॉक्समध्ये वडिलांच्या नावापुढे 'राव' आहे, आधारवर नाही. त्याचं प्रतिज्ञापत्र आणा."

"आणि दुसरं?"

"कायमचा पत्ता सांगली लिहिलाय तुम्ही. यांचा वसई. म्हणजे नोटिशीची एक प्रत सांगलीला जाणार, एक पालघरला. तिथल्या ऑफिसच्या बोर्डावरही लागेल."

वसईकर म्हणाला, "ओके." मी नाही म्हणाले.

आता थोडा कायदा सांगते, कारण तुमच्यापैकी निम्म्यांना हे माहीत नसणार. मलाही नव्हतं. दोघांपैकी एकजण तरी आदल्या सलग तीस दिवसांपासून त्या जिल्ह्यात राहत असावा लागतो. वसईकरच्या वाकडच्या फ्लॅटचं रजिस्टर्ड ॲग्रीमेंट होतं, म्हणून आमचं भागलं. (माझं नाव कोथरूडच्या ॲग्रीमेंटमध्ये कधी नव्हतंच. तिथे मी चार वर्षं रूममेटची 'कझिन' आहे.) मग लग्नाची नोटीस द्यायची. ती ऑफिसच्या एका वहीत चिकटते. ती वही कुणीही येऊन फुकट बघू शकतं. आणि नोटीस बोर्डावरही लागते. तीस दिवसांत कुणी हरकत घेतली नाही, की तुम्ही लग्नाला मोकळे. मात्र नोटीस दिल्यापासून तीन महिन्यांत लग्न नाही केलं, तर पुन्हा पहिल्यापासून सगळं. आणि तुमचं कायमचं घर दुसऱ्या जिल्ह्यात असेल, तर तिथल्या बोर्डावरही ती झळकते. हे कलम सहा.

म्हणजे मी सांगलीला काही कळवलं नाही, तरी सरकार कळवणार होतं. तेही फोटोसकट.

माझे वडील, आम्ही त्यांना अप्पा म्हणतो, पाटबंधारे खात्यातून वरिष्ठ लिपिक म्हणून रिटायर झाले. फेब्रुवारीत मी त्यांना वसईकरबद्दल सांगितलं होतं. आम्ही नोंदणी पद्धतीने लग्न करणार, हेही सांगितलं. ते चिडले नाहीत. ओरडले असते तर मी पण ओरडले असते आणि विषय पुढे गेला असता. ते म्हणाले, "तुझं तू बघ," आणि झाडांना पाणी घालायला गेले. तेव्हापासून ते माझ्याशी फोनवर बोलले नव्हते. मी फोन केला की आई म्हणायची, "अप्पा अंघोळीला गेलेत." पाच महिन्यांत अप्पांनी इतक्या अंघोळी केल्या की कोयनेचं पाणी कमी पडावं.

तारीख ठरतेय, हे मी घरी सांगितलंच नव्हतं. आधी सगळं होऊ दे, मग सांगू. लोकांच्या मुलाखती घेताना मी अवघड प्रश्न शेवटी ठेवते, तोच फंडा. पण ओरिजिनल दाखला होता अप्पांच्या कपाटात, आणि नोटीस लागणार होती अप्पांच्या गावात. कायद्याला आईवडिलांची परवानगी लागत नाही, हे शंभर टक्के खरं आहे. फक्त कागद त्यांच्या कपाटात असतात.

शुक्रवारी रात्री स्वारगेटहून एसटी पकडली.

अप्पांचं कपाट ही आमच्या घरातली सगळ्यात पवित्र जागा. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीत कृष्णेचं पाणी घराघरांत घुसलं, तेव्हा अप्पांनी टीव्ही खालीच सोडला, मिक्सर खालीच सोडला आणि आधी फायली माळ्यावर चढवल्या. आई अजून मिक्सरचं नाव काढते. घरातल्या प्रत्येकाची एक फाइल आहे. माझ्या फायलीवर लाल शाईत माझं नाव आहे, आधी 'कु.' लावून.

पहाटे घरी पोचले. अप्पा ओट्यावर पेपर वाचत होते. मी समोर उभी राहिले आणि एसटीत पाठ केलेलं सगळं विसरले.

"शाळा सोडल्याचा दाखला हवा होता. ओरिजिनल."

त्यांनी पेपरची घडी केली. उठले, आत गेले, किल्ली काढली. मी मागोमाग. फाइल काढून त्यांनी पलंगावर ठेवली आणि पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं.

"नोटीस दिली का?"

"नाही अजून. दाखला नाही म्हणून परत पाठवलं."

"तरीच," ते म्हणाले. "परवा सोमवारीही बोर्डावर नव्हती."

मला काही कळेना. "कुठल्या बोर्डावर?"

"विवाह अधिकाऱ्यांच्या. तू नोंदणीचं म्हणाली होतीस. मार्चपासून बघतोय मी, दर सोमवारी. म्हटलं, यांचं काही ठरतंय की नाही."

आई स्वयंपाकघरातून बाहेर आली. तिला हे नवीन होतं. अप्पा सोमवारी पेन्शनरांच्या कट्ट्यावर जातात, असं तिला वाटत होतं.

मग फायलीतून अजून एक गोष्ट बाहेर आली. दाखल्याच्या मागे, स्टेपल केलेला एक जाड गठ्ठा. विशेष विवाह कायदा, १९५४, संपूर्ण. सायबर कॅफेतून काढलेली प्रिंट. समासात पेन्सिलीच्या खुणा. अप्पांनी तीस वर्षं शासन निर्णय जसे वाचले, तसाच हा वाचला होता. माणसं रागावली की जेवण सोडतात. माझ्या वडिलांनी कायदा वाचायला घेतला होता.

मी पानं चाळली. कलम चार आणि कलम सात यांच्या खाली दुहेरी रेघ होती. कलम चार म्हणजे लग्नाच्या अटी. आधीचं लग्न अजून टिकून असलेला जोडीदार हयात नसावा, दोघांची मानसिक संमती देण्याइतपत स्थिती असावी, मुलगा एकवीस आणि मुलगी अठरा पूर्ण, आणि नातं निषिद्ध नसावं. कलम सात म्हणजे हरकत.

माझ्या पोटात गोळा आला. "अप्पा, तुम्ही हरकत घेणार होता?"

ते चष्मा पुसत होते. "हरकत कलम चारच्या बाहेरची चालत नाही. बाप नाराज आहे, हे कारण त्यात नाही." थोडं थांबून म्हणाले, "मी बघितलं."

हे वाक्य मी त्यानंतर वसईकरला, रूममेटला आणि दोन मैत्रिणींना सांगितलं. सगळे हसले. मी पण हसत सांगितलं. त्या दिवशी मात्र मला हसू आलं नव्हतं. हा माणूस कायद्याचं पान न् पान उलटून स्वतःच्या नाराजीला जागा शोधत होता. जागा मिळाली नाही. तरीही तो दर सोमवारी जाऊन त्या बोर्डासमोर उभा राहत होता.

"मग दर सोमवारी कशाला जात होता?"

"चहा टाक जा," अप्पा म्हणाले.

चहा झाल्यावर गाडी कलम एकोणीसवर आली. हे तुम्हीही जाणून घ्या. एकत्र हिंदू कुटुंबातल्या मुलाने किंवा मुलीने या कायद्याखाली लग्न केलं, तर ती व्यक्ती त्या एकत्र कुटुंबातून विभक्त झाली, असं मानतात. दोघंही हिंदू, बौद्ध, शीख किंवा जैन असतील, तर १९७६ च्या दुरुस्तीपासून हे लागू होत नाही. आमच्या केसमध्ये होतं. पुढे आमच्या मालमत्तेचा वारसाही १९२५ च्या भारतीय उत्तराधिकार कायद्याने ठरणार.

"म्हणजे मी आता घरची नाही?" मी विचारलं. आवाज जरा चढलाच.

"ते मालमत्तेपुरतं आहे," अप्पा म्हणाले. "वाट्याचा हक्क जात नाही, नुसती वाटणी झाली असं धरतात. आणि आपली इस्टेट ती काय, दीड एकर आणि तुझा काका." मग कागद सारखे करत म्हणाले, "घराबद्दल कायद्यात काही लिहिलेलं नाही."

आई तेवढ्यात भाजी निवडायची सोडून आत निघून गेली.

'राव'चा उलगडा असा झाला. शाळेत नाव घालायला मला आजोबा घेऊन गेले होते. मुलाचं नाव नुसतं कसं सांगायचं, म्हणून त्यांनी मास्तरांपुढे अप्पांना 'राव' लावून टाकलं. सर्व्हिस बुकात 'राव' नव्हता, आधारवर नव्हता. तो फक्त माझ्या दाखल्यावर होता. आजोबांनी मुलाला दिलेला मान आता नातीच्या लग्नाच्या आड आला होता.

"ऑफिसच्या बाहेर एकजण म्हणाला, पाचशेचा स्टँप पेपर लागेल."

अप्पांचा चेहरा बघण्यासारखा झाला. "सरकारी ऑफिसात द्यायच्या प्रतिज्ञापत्राला मुद्रांक शुल्क २००४ साली माफ झालंय की! साध्या कागदावर चालतंय. बस इथे."

आणि त्यांनी स्वतःच्या हाताने मसुदा लिहिला. 'मी सत्यप्रतिज्ञेवर लिहून देतो की, खालील दोन्ही नावे एकाच व्यक्तीची असून ती व्यक्ती मीच आहे.' सोमवारी ते माझ्याबरोबर आले, सही केली. माझ्या लग्नाला त्यांची संमती आहे, असं त्या कागदावर कुठेही लिहिलेलं नव्हतं. फक्त मी त्यांची मुलगी आहे, एवढंच होतं.

एसटी स्टँडवर त्यांनी भडंगाचा पुडा हातात दिला. "मी लग्नाला येईन असं समजू नको," म्हणाले. मी मान डोलावली. पुडा मात्र दोन किलोचा होता.

पुढच्या बुधवारी नोटीस घेतली गेली. सरकारी फी आमच्या त्या दिवशीच्या नाश्त्यापेक्षा कमी होती. बाहेरच्या बाकावर एक मुलगी बसली होती. चेहऱ्याला ओढणी गुंडाळलेली, मांडीवर बॅग घट्ट धरलेली, वय विशीच्या आसपास. तिने मॅडमना हळूच विचारलं, "गावाकडे नाही ना जाणार नोटीस?" मॅडमनी डबा बाजूला सरकवला, तिला आत बोलावून खुर्ची दिली आणि हलक्या आवाजात काहीतरी समजावत राहिल्या. माझ्या हातात भडंगाचा पुडा होता. माझे तीस दिवस आणि तिचे तीस दिवस सारखे नव्हते.

या नोटिशीवरून कोर्टात बरंच काही झालंय. जानेवारी २०२१ मध्ये अलाहाबाद हायकोर्टाने म्हटलं की, जोडप्याला हवी असेल तरच नोटीस प्रसिद्ध करावी, सक्ती करू नये. त्याआधी मार्च २०१८ मध्ये शक्ती वाहिनी खटल्यात सुप्रीम कोर्टाने दोन सज्ञान माणसांच्या लग्नात खाप पंचायतीला किंवा घरच्यांना आडवं येता येणार नाही असं सांगून, धमक्या येणाऱ्या जोडप्यांसाठी सेफ हाउस आणि जिल्ह्याजिल्ह्यांत विशेष कक्ष यांचे आदेश दिले. तुमच्यापैकी कुणाला गरज पडली, तर हे लक्षात असू द्या. आमची नोटीस मात्र बोर्डावर लागलीच. पुण्यात, पालघरला आणि सांगलीला.

वसईकरच्या आईला यात काहीच वावगं वाटलं नाही. "आमच्याकडे चर्चमध्ये तीन रविवार नावं वाचून दाखवतात," त्या म्हणाल्या. "कुणाची हरकत असेल तर सांगा म्हणून." मी त्यांना विचारलं, चर्चमध्ये लग्न नाही म्हणून वाईट वाटतंय का? त्या सुकेळी कागदात बांधत होत्या. "वाटतं," म्हणाल्या. "पण नाव तरी कुठेतरी वाचलं जातंय ना." त्यांच्यासाठी तो बोर्ड म्हणजे सरकारी चर्चच होतं. मला पहिल्यांदा जाणवलं की, आमच्या सुटसुटीत लग्नाची किंमत आम्ही दोघंच मोजत नव्हतो.

पुढच्या महिन्यात सोमवारी सकाळी अकराला माझा फोन वाजला. स्क्रीनवर 'अप्पा'. पाच-सहा महिन्यांत पहिल्यांदा.

"लागली. नाव, पत्ता बरोबर आहे. काचेला कुलूप आहे." आणि फोन बंद.

त्याच्या पुढच्या सोमवारी पुन्हा. "आहे. जागेवर आहे."

मग मीच सोमवारी अकराची वाट बघायला लागले. एकदा म्हणाले, "ओळखीचा एकजण वाचत उभा होता." मी विचारलं, मग? "मग काय? म्हटलं, माझी मुलगी आहे. वाचून झालं असेल तर सरका."

तीस दिवस झाले. हरकत आली नाही. तारीख मिळाली.

लग्नाच्या दिवशी मी कॉटनची साडी नेसले होते आणि वसईकरने ऑफिसच्या इंटरव्ह्यूचा ब्लेझर घातला होता. साक्षीदार तीन ठरले होते. माझी रूममेट, त्याचा मामेभाऊ आणि माझी आई. आई सकाळी पोचली. मागे अप्पा, इस्त्रीचा पांढरा शर्ट, हातात फाइल.

"मी हिला सोडायला आलोय," त्यांनी आल्या आल्या जाहीर केलं. "सही कुठेच करणार नाही."

वसईकर वाकला. अप्पांनी "असू दे, असू दे" म्हणत पाय मागे घेतले आणि बाकावर जाऊन बसले. त्याची आई त्यांच्या शेजारी बसली. दोघांमध्ये सुकेळीचा पुडा आणि भडंगाचा पुडा. कुणीच कुणाशी बोलेना. कॉन्फरन्स रूममध्ये बॉस यायच्या आधी असते ना, तशी शांतता.

आमचा नंबर आला. आत टेबल, कॉम्प्युटर, भिंतीवर नेत्यांचे फोटो. मॅडमनी प्रमाणपत्राची कच्ची प्रिंट काढली. "नीट तपासा. नंतर दुरुस्तीला त्रास होतो." मी बघितली, वसईकरने बघितली, रूममेटने बघितली. तिघंही आयुष्यभर स्क्रीन बघणारे. तिघांनाही सगळं ओके दिसलं.

"बघू," मागून आवाज आला.

अप्पा दारातून आत आले होते. त्यांनी चष्मा वर सरकवला आणि ओळीओळीवर बोट ठेवत कागद वाचला. माझं नाव, त्यांचं नाव 'राव' शिवाय, सांगलीचा पत्ता. मग बोट खालच्या रकान्यात गेलं आणि थांबलं.

"मॅडम, जावयांच्या आडनावात चूक आहे. 'पी' पाहिजे, 'पे' पडलाय."

आणि त्यांनी वसईकरचं पूर्ण नाव उच्चारून दाखवलं. त्याचं नाव, त्याच्या वडिलांचं नाव, आडनाव, सगळं वसईत म्हणतात अगदी तसं. फेब्रुवारीपासून घरात ज्या नावाचा उल्लेख 'तो मुलगा' याच्या पुढे गेला नव्हता, ते नाव त्यांना तोंडपाठ होतं. अर्थात, दर सोमवारी वाचलं होतं ना.

वसईकरची आई खुर्चीतून अर्धवट उठली होती, ती परत बसली. मॅडमनी दुरुस्ती केली. अप्पांनी पुन्हा एकदा तपासलं आणि "हां, आता बरोबर," म्हणून कागद वसईकरच्या हातात दिला. माझ्या नाही.

त्यानंतरचा भाग खरंच पाच मिनिटांचा. जाहीरनाम्यावर आमच्या आणि साक्षीदारांच्या सह्या झाल्या. मग एकमेकांना एक वाक्य म्हणायचं असतं. मी तुझा कायदेशीर पती म्हणून स्वीकार करते, तो तसंच पत्नी म्हणून. ते म्हटल्याशिवाय लग्न पुरं होत नाही, आणि कायदा म्हणतो, दोघांना समजेल अशा कुठल्याही भाषेत म्हणा. वसईकरने आधी मराठीत म्हटलं. मग मॅडमकडे बघून विचारलं, "अजून एकदा म्हणू का?" आणि आईसाठी कादोडीत म्हटलं. मला त्यातलं निम्मं कळलं. त्याच्या आईला सगळं कळलं, आणि अप्पांनी त्यांना खिशातला रुमाल काढून दिला.

अप्पांनी खरंच कुठे सही केली नाही. प्रमाणपत्रावर माझ्या बाजूने आईची सही आहे, सावकाश, एकेक अक्षर जोडून केलेली. नंतर डोसा खाताना मी त्यांना छेडलं. "झाली असती एक सही तर काय बिघडलं असतं?"

"साक्षीदार कुणालाही होता येतं," ते म्हणाले आणि चटणी मागवली.

दिवाळीत आम्ही दोघं सांगलीला गेलो. पासपोर्टच्या फॉर्मसाठी मला परत दाखला हवा होता. अप्पा वसईकरला आयर्विन पूल दाखवायला घेऊन गेले होते. पुराच्या वेळी पाणी कुठपर्यंत आलं होतं, हे ते सगळ्याच पाहुण्यांना दाखवतात. मी किल्ली घेऊन कपाट उघडलं.

माझी फाइल जागेवर होती. लाल शाईतलं 'कु.' तसंच होतं. ते काही त्यांनी खोडलं नव्हतं. आत सगळं तारखेप्रमाणे लावलेलं. शाळेचा दाखला, दहावी, बारावी, मास कॉमची डिग्री, प्रतिज्ञापत्राची प्रत, आणि शेवटी विवाह प्रमाणपत्राची झेरॉक्स. त्याच्या मागे अजून दोन कागद होते. मी काढून बघितले. वसईकरच्या आधारची आणि पॅनची झेरॉक्स. त्याच्याकडून कधी मागून घेतली, कुणास ठाऊक.

मी फाइल होती तशी ठेवली आणि कपाट लावलं. आमच्या घरात ज्याची झेरॉक्स अप्पांकडे असते, तो घरचा.